आवाराबाहेरच्या कबरी

ईमच्या चर्चच्या आवारात प्लेगने गेलेल्या माणसांच्या कबरी शोधायला गेलं, तर हाताला जवळजवळ काहीच लागत नाही. इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यातलं हे डोंगरातलं गाव, शेफिल्डपासून फार लांब नाही. १६६५च्या सप्टेंबरपासून १६६६च्या नोव्हेंबरपर्यंत, चौदा महिन्यांत, इथली सुमारे २६० माणसं प्लेगने नेली. गावाची ओळखच ‘प्लेगचं गाव’ अशी. सेंट लॉरेन्सच्या चर्चमध्ये मेलेल्यांची नावं लिहिलेली वही मांडून ठेवली आहे. १९८५ साली बसवलेल्या रंगीत काचेच्या खिडकीत ती सगळी हकिगत चित्रांनी सांगितली आहे. पण बाहेर येऊन गवतातले दगड वाचत फिरावं, तर ते बहुतेक पुढच्या शतकांतले. प्लेगची म्हणून सगळे पाहतात अशी कबर एकच, रेक्टर विल्यम मॉम्पेसनची बायको कॅथरिन हिची. आठव्या शतकातल्या सॅक्सन क्रुसाजवळ ती आहे. क्रुसाच्या दांड्याचा एक तुकडा हरवलाय, त्यामुळे तो बुटका दिसतो, पण कोरीवकाम अजून स्पष्ट आहे.

बाकीचे अडीचशे गेले कुठे, हा प्रश्न मी विचारला आणि माझ्यासोबतच्या दोघांमध्ये वादाला तोंड फुटलं. आत्याची सगळी नोकरी साथरोगांच्या कामात गेलेली. दादा, म्हणजे तिचा मुलगा, शेफिल्डला राहतो आणि जुन्या पॅरिशच्या नोंदी वाचण्यात रमतो. ईमबद्दल दोघांनीही भरपूर वाचलं होतं, पण दोघांच्या मनात गाव वेगवेगळं होतं.

“शेतात, परसात, बागेत,” दादा म्हणाला. “१६६६च्या जूनमध्ये ठरलं की आवारात पुरायचं नाही. ज्याचं माणूस त्याने आपल्याच जमिनीत पुरायचं, तेही लगेच. चर्चला कुलूप. उपासना ककलेट डेल्फच्या घळीत, उघड्यावर, घराघराने अंतर राखून. आणि गावाच्या भोवती एक रेघ, तिच्या बाहेर कुणी जायचं नाही, आत कुणी यायचं नाही.”

“आणि लोकांनी ते पाळलं,” आत्या म्हणाली. “तू सांगताना हे नेहमी गाळतोस.”

“गाळत नाही. पाळलं म्हणजे काय, ते विचारतो. आई, तू या कबरीकडे बघ. गावाने आवारात पुरायचं नाही असं ठरवलं जूनमध्ये. कॅथरिन गेली ऑगस्टच्या अखेरीस. मग ती इथे कशी? नियम केला तो रेक्टरने, आणि आवारातली जागा मिळाली रेक्टरच्या बायकोला. दरवर्षी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी, प्लेग संडेला, फुलं याच कबरीवर वाहतात.”

“ती सत्तावीस वर्षांची होती,” आत्या म्हणाली. “दोन लहान मुलं होती. नवऱ्याने तिला सांगितलं, मुलांना घेऊन यॉर्कशरला नातेवाइकांकडे जा. तिने मुलं पाठवली आणि स्वतः राहिली. घरोघरी आजाऱ्यांपाशी जात होती. तिला आवारात पुरली याचा राग तुला येतो, मला येत नाही.”

“मुलं पाठवली, हेच तर म्हणतोय. ज्यांना पाठवता आली त्यांनी पाठवली. ब्रॅडशॉ हे इथलं बडं घराणं, तेही आधीच निघून गेलं. जूनमध्ये रेघ आखली तेव्हा आत उरले कोण? शिसं काढणारे खाणकामगार, विणकर, शेतकरी. ज्यांना दुसरीकडे घर नव्हतं, ओळख नव्हती, वाटखर्चाला पैसे नव्हते. त्यांचं राहणं हा त्याग म्हणायचा की नाइलाज?”

दादाचा हा मुद्दा जोरकस आहे, पण मला तो अर्धाच पटतो. लंडनमध्ये १६६५च्या प्लेगात काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. राजा दुसरा चार्ल्स दरबार घेऊन आधी सॅलिस्बरीला आणि मग ऑक्सफर्डला गेला. पैसेवाले गेले, बरेच वैद्यही गेले. पण गरीबही पळाले, जमेल तिथे, रानावनात, रस्त्याकडेला झोपत. जाण्यासाठी घर लागत नाही, भीती पुरते. ईमच्या आसपास उघडी माळरानं आहेत, रात्री कुणीही चालत निघालं असतं. पहारा करणारं सैन्य नव्हतं, फक्त गावाने गावाला दिलेला शब्द होता.

“बाहेर गेलेल्यांचं काय व्हायचं तेही ऐक,” दादा म्हणाला. “गावात एक आठवण सांगतात. एक बाई टाइड्सवेलच्या बाजाराला गेली, कुणीतरी ओळखलं, आणि लोकांनी जे हाताला लागेल ते तिच्यावर फेकत तिला हाकललं. म्हणजे रेघ फक्त आतून आखलेली नव्हती.”

“बरोबर,” आत्या म्हणाली. “साथीत प्रत्येक रेघेला दोन बाजू असतात. मी तेवढंच म्हणते, की आतल्या बाजूने ती आखली हे दुर्मीळ आहे.”

गोष्ट सुरू कुठून झाली ते आत्याने तिच्या पद्धतीने सांगितलं. लंडनहून शिंप्याकडे कापडाचं गाठोडं आलं. ओलसर होतं, म्हणून जॉर्ज विकर्स नावाच्या त्याच्या कारागिराने ते चुलीपाशी वाळत घातलं. विकर्सला ७ सप्टेंबर १६६५ला पुरलं. आत्याच्या लेखी उष्णता हा साऱ्याचा कळीचा धागा आहे. कापडात पिसवा होत्या आणि उबेने त्या जाग्या झाल्या. तेव्हा कुणालाच हे माहीत नव्हतं. प्लेगचा जंतू येर्सँने हाँगकाँगला ओळखला तो १८९४ साली, आणि पिसूचा संबंध सिमोंने कराचीत दाखवला तो १८९८ साली. सतराव्या शतकातल्या माणसाला वाटायचं की दूषित हवेतून रोग येतो. हिवाळ्यात ईममधले मृत्यू कमी झाले तेव्हा गावाला वाटलं, संकट टळलं. मेनंतर ते पुन्हा वाढले आणि ऑगस्ट १६६६ या एका महिन्यात पाऊणशेहून जास्त माणसं गेली.

“मग आता डॉक्टर म्हणून सांग,” दादा म्हणाला. “उंदीर आणि पिसवा रेघ मानत नाहीत. निरोगी माणसांना आजाऱ्यांसोबत कोंडून ठेवलं. ते विखुरले असते तर कदाचित निम्मे वाचले असते.”

आत्याने घाईने उत्तर दिलं नाही. ती चर्चच्या भिंतीवरच्या १७७५च्या भव्य सूर्यघड्याळाखाली थांबली. त्यावर जगातल्या दूरदूरच्या गावांची नावं कोरली आहेत.

“कदाचित,” ती म्हणाली. “२०१६ साली दोन संशोधकांनी याच नोंदवहीतल्या मृत्यूंवर गणित मांडलं. कोण कधी गेलं, कुणाच्या घरात, कुणानंतर. त्यांच्या हिशेबाने फक्त पाव संसर्ग उंदरांकडून आला आणि पाऊण माणसाकडून माणसाला. माणसाच्या अंगावरच्या पिसवांतून, उवांतून, किंवा खोकल्यातून. म्हणजे माणसं हलली नाहीत याला अर्थ होता. उघड्यावर उपासना, घराघरात अंतर, प्रेतं तत्काळ पुरणं, आणि साथ ओसरल्यावर कपडे-अंथरुणं जाळणं, हे सगळं बरोबर होतं. कारण चुकीचं माहीत होतं, वागणं बरोबर होतं. माझ्या कामात मला उलटं जास्त दिसलं. कारण बरोबर माहीत आणि वागणं चुकीचं.”

“आणि घराच्या आत?”

“घराच्या आत ते मेले. ते मी नाकारत नाही. आजारी वेगळे, निरोगी वेगळे, असं त्यांनी केलं नाही, करताही आलं नसतं. रेघेने गावाला वाचवलं नाही. तिने शेजाऱ्यांना वाचवलं.”

“त्याचाही पुरावा पक्का नाही. शेजारी कदाचित तसेही वाचले असते.”

“असते. पण मी असते त्या खुर्चीत, तर मी ‘कदाचित’वर बेकवेल आणि शेफिल्ड सोडून दिलं नसतं.”

पुराव्याचा मुद्दा निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण ईमच्या कथेत ती अनेकदा बिघडते. गावात ३५० माणसं होती आणि ८३ उरली, असं वर्षानुवर्षं छापलं गेलं. चुलींवरच्या कराच्या नोंदी आणि पॅरिशची वही पाहून आता अभ्यासक मानतात की वस्ती त्याच्या दुपटीच्या आसपास होती. म्हणजे तीन चतुर्थांश नव्हे, तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास गाव मेलं. मॉम्पेसनने स्वतः १६६६च्या नोव्हेंबरात लिहिलेल्या पत्रात ७६ कुटुंबांत रोग शिरला आणि २५९ माणसं गेली असा हिशेब दिला आहे. ही संख्या वहीशी जुळते. अतिशयोक्तीची काही गरजच नव्हती. दादाचा राग मुख्यतः त्या अतिशयोक्तीवर आहे. ईमच्या पुढच्या काळातल्या एका रेक्टरची मुलगी, कवयित्री ॲना सीवर्ड, आणि १८४२ साली गावाचा इतिहास लिहिणारा विल्यम वुड यांनी घटनेनंतर शंभर ते पावणेदोनशे वर्षांनी तिला जो झगमगाट दिला, त्यात एक वीर पाद्री आणि त्याचा आज्ञाधारक कळप एवढंच उरलं, असं तो म्हणतो. मला त्याचं हे म्हणणं पूर्ण पटतं.

आणि त्यातून जो माणूस निसटला तो टॉमस स्टॅनली. मॉम्पेसन अठ्ठावीस वर्षांचा, केंब्रिजचा, गावात येऊन फार काळ झाला नव्हता. त्याच्याआधीचा स्टॅनली हा प्युरिटन. राजेशाही परतल्यावर १६६२च्या कायद्याने नवं प्रार्थनापुस्तक न स्वीकारल्याबद्दल पदावरून गेलेला. पण तो गावाजवळच राहिला होता आणि लोकांचा जीव त्याच्यावर होता. यादवी युद्ध संपून फार वर्षं झाली नव्हती, आणि हे दोघे त्या युद्धाच्या दोन विरुद्ध बाजूंचे. मॉम्पेसनला कळलं की आपल्या शब्दावर गाव थांबणार नाही. तो स्टॅनलीकडे गेला, आणि दोघे मिळून गावासमोर उभे राहिले. आवारात स्टॅनलीचं स्मारक आहे. लोक त्याच्यापाशी थांबत नाहीत. आम्ही थांबलो.

“याला मी मान देतो,” दादा म्हणाला. “याचं सगळं हिरावलं होतं. ज्या व्यवस्थेने हिरावलं तिच्याच माणसाला याने आपला शब्द उसना दिला.”

“मग नाइलाज कुठे गेला?” आत्याने विचारलं. “नाइलाजाने राहणाऱ्याला समजवावं लागत नाही. दोन पाद्री एकत्र यावे लागले, म्हणजे लोक जाऊ शकत होते.”

दादा यावर गप्प राहिला नाही, पण त्याचं उत्तर लंगडं होतं. मला वाटतं, संपूर्ण दिवसात आत्याचा हा मुद्दा सर्वांत भक्कम.

आवारातून निघताना एक दगड पाहायचा राहू नये म्हणून सांगतो. डर्बीशरकडून खेळलेला हॅरी बॅगशॉ याच्या थडग्यावर यष्ट्यांवर आदळणारा चेंडू, उडालेल्या बेल्स, आणि वर आकाशाकडे दाखवणारं पंचाचं बोट कोरलं आहे. प्लेगच्या सावलीत गाव पुढे अडीचशे वर्षं जगलं, खेळलं, म्हातारं झालं, हे या दगडावरून कळतं. या आवाराला फक्त मरणाचं म्हणणं अन्यायाचं आहे.

तिथून आम्ही रायलीच्या कबरींकडे गेलो. त्या गावाच्या पूर्वेला, चढावरच्या शेतात आहेत. एका गोल दगडी भिंतीच्या आत सात दगड. एलिझाबेथ हॅनकॉकने ३ ते १० ऑगस्ट १६६६ या आठ दिवसांत आपला नवरा जॉन आणि सहा मुलं इथे पुरली. मदतीला कुणी नव्हतं. शिवेवरून शेजारच्या स्टोनी मिडलटनचे लोक पाहत होते, पण जवळ येण्याची छाती कुणाची झाली नाही, असं सांगतात. प्रेताला हात लागू नये म्हणून पायांना कापड बांधून ओढत तिने ती खड्ड्यापर्यंत नेली. तिला रोग झाला नाही. नंतर ती शेफिल्डला, उरलेल्या एका मुलाकडे गेली.

इथे दोघांचा आवाज उतरला, पण मत कुणाचंही उतरलं नाही.

“हिच्यासाठी कुणी नियम मोडला नाही,” दादा म्हणाला. “हिच्या मुलांना आवार मिळालं नाही. ती रेक्टरची कुणी नव्हती. पुढे कुणीतरी दगड एकत्र आणून हे कुंपण केलं, नाहीतर शेताखाली काय आहे ते कळलंही नसतं. आणि हिच्यासारख्या इतर सगळ्यांचं काय आहे? वहीत एक ओळ.”

“तू हिला बळी म्हणतोस. मी म्हणणार नाही,” आत्या म्हणाली. “आठ दिवस. पहिल्या दिवशी पळाली असती तर तिला दोष कुणी दिला असता? ती प्रत्येकाला पुरेपर्यंत थांबली. मॉम्पेसनने ठरवलं, स्टॅनलीने पटवलं, पण नियम अमलात आणला तो हिने, खोरं हातात घेऊन. माझ्या खात्यात याला नाव नव्हतं. सगळी मोजदाद रोग्यांची आणि मेलेल्यांची. जे नियम पाळून जगले त्यांचा रकानाच नसायचा.”

“मग मार्शल हाऊलाही घे त्या रकान्यात,” दादा म्हणाला. हा हाऊ आजारातून उठलेला होता. आता आपल्याला पुन्हा होणार नाही अशा समजुतीने तो लोकांची प्रेतं पुरायचा आणि मोबदल्यात मेलेल्यांच्या वस्तू उचलायचा. पुढे त्याची बायको आणि मुलगा गेले.

“घेते,” आत्या म्हणाली. “प्रेत पुरणारा लागतोच. लोभी असला तरी लागतो.”

पुण्यातल्या प्लेगचा विषय दादाने काढला. १८९७च्या सुरुवातीला साथरोग कायदा आला, प्लेग अधिकारी रँड पुण्यात आला, सोजीर घरांत शिरले, माणसांना छावण्यांत नेलं. लोक आजारी माणूस लपवू लागले. जूनच्या २२ तारखेला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. “अलगीकरण दोन्हीकडे,” दादा म्हणाला. “तिथे संगीन होती म्हणून आपण अत्याचार म्हणतो, इथे बायबल होतं म्हणून त्याग म्हणतो. आत अडकलेल्या माणसाला फरक किती?”

“खूप,” आत्या म्हणाली, आणि पहिल्यांदा तिचा स्वर चढला. “संगिनीने साथ वाढते. रोगी लपतो, प्रेत लपतं, खबर लपते. इथे एकही लपला नाही, म्हणून तर ही वही आहे, नावनिशीवार. आणि त्याच पुण्यात त्याच मार्चमध्ये हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात सावित्रीबाई फुल्यांचा मुलगा यशवंत याचा दवाखाना चालू होता. सावित्रीबाईंनी मुंढव्याहून प्लेग झालेल्या पोराला पाठीवर घेऊन तिथे आणलं आणि १० मार्चला त्या प्लेगनेच गेल्या. लोक सोजिरापासून लपत होते, सावित्रीबाईंपासून नाही. हा फरक तुझ्या नोंदींत दिसत नसेल, पण साथीत त्याने माणसं वाचतात.”

“कॅथरिनला तू त्यांच्या रांगेत बसवतेस?”

“घरोघर गेली ती, त्यामुळे हो. तिच्या कबरीवर फुलं वाहतात याचा मला आनंद आहे. तुझं एवढं मान्य, की एक हार या शेतातही यायला हवा.”

शेवटी आम्ही स्टोनी मिडलटनच्या वाटेवरच्या सीमेच्या दगडापाशी गेलो. दगडात भोकं आहेत. गावातले लोक त्यांत व्हिनेगर ओतून नाणी ठेवत, पलीकडचे लोक नाणी घेऊन भाकरी, औषध, गरजेच्या वस्तू ठेवून जात. गावाच्या वरच्या अंगाला मॉम्पेसनच्या नावाचा झरा आहे, तिथेही तसंच. चॅट्सवर्थहून डेव्हनशरचा अर्ल धान्य पाठवत असे. आत्या या दगडाजवळ सर्वांत जास्त वेळ रेंगाळली. तिच्या मते ईममध्ये येणारा प्रत्येक आरोग्य अधिकारी आधी इथे आणायला हवा. लोकांना थांबा म्हणायचं तर त्यांच्या दाराशी अन्न पोचलं पाहिजे. हे इथे झालं, म्हणून रेघ टिकली.

“आणि ते पोचवलं कुणी?” दादा म्हणाला. “अर्लचं नाव सगळ्या पुस्तकांत आहे. टोपली घेऊन चढ चढलेल्या माणसाचं एकातही नाही. तोही प्लेगच्या शिवेवर येत होता, रोज.”

“मग शोध.”

“कुठे? भाकरी आणणाऱ्याची नोंद कोण ठेवतं?”

“नसेल नोंद. तो जगला की नाही, ते तरी शोध. आसपासच्या गावांतले दफनाचे आकडे बघ.”

दादा म्हणाला की मॅटलॉकच्या अभिलेखागारात आजूबाजूच्या पॅरिशच्या जुन्या वह्या आहेत. १६६६चा ऑगस्ट आणि सप्टेंबर तो तपासेल.

“तेवढ्यावर थांबू नकोस,” आत्या म्हणाली. “१६६७चा उन्हाळाही बघ. इथेही हिवाळ्यात मृत्यू थांबल्यासारखे वाटले होते.”